न धावलेल्या घोड्याचं पुण्य

४ एप्रिल २०२० च्या शनिवारी पॉटर्स कॉर्नर नावाच्या घोड्याने इंग्लंडची ग्रँड नॅशनल जिंकली. लिव्हरपूलजवळच्या एनट्रीच्या मैदानावर होणारी ही शर्यत म्हणजे जवळजवळ सात किलोमीटरची दौड, वाटेत तीस अडथळे आणि, त्या काळी, चाळीस घोडे. दरवर्षी त्यातले बरेचसे शेवटापर्यंत पोचतही नाहीत. त्या शनिवारी मात्र मैदानात एकही घोडा उतरला नव्हता. करोनामुळे शर्यत रद्द झाली होती आणि टीव्हीवर दाखवली गेली ती संगणकाने रचलेली शर्यत. घोड्यांची आजवरची कामगिरी यंत्राला पुरवली, यंत्राने हिशेब मांडला, पडद्यावर घोडे उधळले. अठ्ठेचाळीस लाख लोकांनी ते पाहिलं. पैजाही लागल्या आणि बुकींनी नफ्याचे २६ लाख पौंड तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या मदतनिधीला दिले.

पॉटर्स कॉर्नर हा हाडामांसाचा घोडा. आदल्या डिसेंबरातच त्याने वेल्श ग्रँड नॅशनल अंगातून घाम गाळून जिंकलेली होती. एप्रिलच्या विजयाची त्याला वार्ताही नाही. त्याहून विचित्र गत टायगर रोलची. २०१८ आणि २०१९ अशी लागोपाठ दोन वर्षं त्याने ग्रँड नॅशनल मारली होती. लागोपाठ तिसऱ्यांदा जिंकता तर तसा विक्रम पूर्वी कुणाच्याच नावावर नव्हता. यंत्राने त्याला चौथा आणला. पुढच्या वर्षी वजनाच्या वादावरून मालकांनी त्याचं नाव मागे घेतलं आणि २०२२ मध्ये तो निवृत्त झाला. म्हणजे ज्या तिसऱ्या खेपेची सगळे वाट पाहत होते, ती झाली ती फक्त यंत्रात, आणि तिच्यात तो हरला.

पुढच्याच महिन्यात, २ मे रोजी, अमेरिकेने याच्या वरताण केली. केंटकी डर्बी पुढे ढकलली गेली होती, तेव्हा त्या जागी तिहेरी मुकुट मिळवलेल्या तेरा घोड्यांची शर्यत संगणकावर लावली. १९१९ चा सर बार्टन आणि २०१८ चा जस्टिफाय एका रेषेवर उभे राहिले. जिंकला सेक्रेटेरिएट, जो १९८९ मध्येच वारला होता.

हे सगळं माझ्यापर्यंत आणलं माझ्या नातीने. मी स्वतः घोड्याच्या शर्यतीच्या वाऱ्यालाही उभी राहिलेली नाही. माझे वडील १९५६ साली नागपूरहून भोपाळला आले. राजधानी हलली, तिच्यामागून फायली हलल्या, फायलींमागून कारकून. टी.टी. नगरच्या सरकारी क्वार्टरात मी वाढले, सरकारी कॉलेजात संस्कृत शिकवून निवृत्त झाले, आणि आता दर गुरुवारी आमच्या घरी पाच-सात मंडळी जमून योगवासिष्ठ वाचतो. वाचणं कमी आणि वाद जास्त. वादाचे मुख्य यजमान म्हणजे भेलमधून निवृत्त झालेले इंजिनियर, ज्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणतो. नात चहा घेऊन आली की दोन मिनिटं टेकते, आणि एके दिवशी टेकली ती हा पॉटर्स कॉर्नर आमच्या पुढ्यात टाकूनच उठली. "आजी, तुमच्या पुस्तकात याचं उत्तर आहे का? तो जिंकला की नाही?"

भाऊ तात्काळ म्हणाले, "नाही. टर्बाइन बनवायच्या आधी आम्ही तिचं छोटं मॉडेल पाण्यावर चालवून बघायचो. मॉडेल उत्तम चाललं म्हणून कुणाच्या घरी दिवा लागत नाही."

बिनतोड वाटतं. पण मला ते पुरेसं वाटलं नाही, आणि त्याचं कारण आम्ही त्या महिन्यात नेमकं काय वाचत होतो यात आहे.

उत्पत्ति प्रकरणात लवण राजाची गोष्ट आहे. हरिश्चंद्राच्या वंशातला, भला, प्रजेचा आवडता राजा. भरसभेत एक गारुडी येतो आणि मोरपिसांचा कुंचा फिरवतो. त्याच क्षणी सिंधुदेशाच्या राजाकडचा माणूस एक देखणा घोडा घेऊन सभेत शिरताना राजाला दिसतो. गारुडी म्हणतो, बसा यावर, फिरून या. राजा घोड्याकडे बघतो आणि बघतच राहतो. पापणी हलत नाही. सभा घाबरते, चवऱ्या ढाळणारे हात थांबतात. दोन मुहूर्तांनी, म्हणजे दीडेक तासाने, तो भानावर येतो आणि सांगायला लागतो.

घोडा त्याला घेऊन उधळला होता. दूर, एका निर्मनुष्य रानात. झाडाच्या वेलीला लोंबकळून राजाने स्वतःला सोडवलं, घोडा खालून निघून गेला. रात्र उपाशी काढली. दुसऱ्या दिवशी अन्न घेऊन चाललेली एक चांडाळकन्या भेटली. लग्न करशील तर देते म्हणाली. भुकेने त्याने होकार दिला. मग साठ वर्षं. मुलं झाली, केस पिकले, दुष्काळ पडला, वस्ती पांगली. धाकट्या पोराने खायला मागितलं तेव्हा देण्यासारखं स्वतःच्या अंगाच्या मांसाखेरीज काही उरलं नव्हतं, म्हणून बाप चितेवर चढायला निघाला. आणि सभेत जागा झाला.

एवढ्यावर ही गोष्ट संपली असती तर "सगळी माया" म्हणून पुस्तक मिटता आलं असतं. पण रामाला ही कथा सांगणारे वसिष्ठ तिथे थांबत नाहीत. दुसऱ्या दिवशी राजा लवाजमा घेऊन ते रान शोधायला निघतो. रान विंध्यात आहे. आणि ते सापडतं. वस्ती सापडते, दुष्काळाने वाळलेली झाडं सापडतात, आणि एक म्हातारी सापडते, जी आपल्या लेकीसाठी आणि त्या राजबिंड्या जावयासाठी ऊर बडवते आहे.

विंध्य म्हणजे आमचंच आवार. इथून होशंगाबादच्या वाटेला लागलं की तासाभरात भीमबेटका येतं. १९५७ मध्ये विष्णु श्रीधर वाकणकरांनी आगगाडीच्या खिडकीतून ते खडक पाहिले आणि उतरून चालत गेले. आता तो जागतिक वारसा आहे. तिथल्या दगडांवर हरणं आहेत, गवे आहेत, आणि त्यांच्या मानाने अलीकडच्या काळातले घोडेस्वार आहेत, रांगेने, शस्त्रं परजून निघालेले. लवणाची कथा शिकवताना मी विद्यार्थ्यांना ते घोडे पाहून या म्हणायची. कुणी जात, बहुतेक जण सहलीला जात.

राजाने जे भोगलं ते खोटं, मग म्हातारी खरी कशी? याचं वसिष्ठांनी दिलेलं कारण मला फार दिवस छळत आलं आहे. लवणाने पूर्वी मनातल्या मनात राजसूय यज्ञ केला होता. सामग्री मनातली, ऋत्विज मनातले, दक्षिणा मनातली. पण यज्ञ यथासांग झाला, म्हणून त्याचं फळही लागलं. राजसूय करणाऱ्याच्या वाट्याला क्लेश येतात, ते इंद्राने गारुड्याच्या हाती पाठवले, आणि यज्ञ मनातला म्हणून क्लेशही मनातले. मनाने केलं ते केलं, असा तो रोकडा व्यवहार आहे.

भाऊंना हे पटत नाही. "मग माझ्या स्वप्नात मी साहेबाला मारलेल्या थपडेची चौकशी व्हायला हवी होती." सगळे हसले. पण परंपरेची या बाबतीतली भूमिका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. बृहदारण्यकोपनिषदाची सुरुवातच अश्वमेधाच्या घोड्याने होते: उषा हे त्याचं डोकं, सूर्य डोळा, वारा हा प्राण, संवत्सर हे शरीर. घोडा आणून बांधायचा नाही, फक्त असा चिंतायचा. शंकराचार्य भाष्यात स्वच्छ म्हणतात की ज्यांना अश्वमेध करण्याचा अधिकार नाही त्यांना या चिंतनातूनच अश्वमेधाचं फळ मिळतं. अश्वमेध करायचा तर राज्य हवं, वर्षभर घोडा मोकळा सोडायची आणि त्याच्यामागून सैन्य धाडायची ताकद हवी. उरलेल्या आपल्यासारख्यांना मनातला घोडा पुरे, आणि फळ तेच. हे वाचलेल्या माणसाने पॉटर्स कॉर्नरला हसू नये.

आता नातीच्या फोनवरच्या घोड्याकडे येते, कारण तो या सगळ्यांच्या पुढे गेला. 'उमा मुसुमे' नावाचा एक जपानी खेळ आहे. २०२१ मध्ये जपानात निघाला, २०२५ च्या जूनमध्ये इंग्रजीत आला. त्यात जपानी शर्यतीतल्या खऱ्या घोड्यांच्या नावाच्या मुली असतात. कान आणि शेपूट घोड्याची, बाकी शाळकरी मुलगी. शर्यत संपली की त्या रंगमंचावर गातात आणि नाचतात. मला प्रथम हसू आलं, मग आठवलं की आमचा तुंबर घोड्याच्याच तोंडाचा आहे आणि नारदाबरोबर त्याचीही गायक म्हणूनच ख्याती आहे. तेव्हा त्यात नवल नाही. खेळणाऱ्याने अशा एका मुलीला तीन वर्षं तयार करायची. वेग, दम, ताकद, जिगर, बुद्धी हे तिचे पाच गुण आणि प्रत्येकाला एक आकडा. त्या तीन वर्षांना खेळात 'करिअर' म्हणतात. ती संपली की संपली. ती मुलगी पुन्हा धावत नाही. मात्र तिच्यातल्या ठिणग्या पुढच्या मुलीत उतरवता येतात.

नातीने निवडली होती हारु उरारा. खऱ्या हारु उराराची कहाणी जपानात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. १९९६ मध्ये जन्मलेली ही लहान चणीची घोडी शिकोकू बेटावरच्या कोची नावाच्या साध्याशा मैदानावर धावायची आणि हरायची. शंभराच्या आसपास पराभव झाल्यावर ती प्रसिद्ध झाली. २२ मार्च २००४ रोजी जपानचा सर्वांत नावाजलेला जॉकी युताका ताके तिच्यावर बसला. अकरांत ती दहावी आली. एकूण ११३ शर्यती, एकही विजय नाही. तिच्यावर लावलेली आणि न लागलेली तिकिटं लोक गाडीत जपून ठेवत, अपघात 'लागू' नये म्हणून.

खेळात तिच्या करिअरच्या शेवटी 'अरिमा किनेन' येते. अडीच हजार मीटर, हिरवळीवर. हारु उरारा मातीवरची, छोट्या पल्ल्याची. ती तिथे हरावी अशीच तिची घडण आहे. जगभरच्या पोरांनी तरी हट्ट धरला की हिला ती शर्यत जिंकवायचीच. मग पिढ्या तयार करायच्या: दमदार मुली वाढवायच्या, त्यांच्या ठिणग्या हिच्यात घालायच्या, फसलं की पुन्हा पहिल्यापासून. नातीची ही तपश्चर्या परीक्षेच्या दिवसांत चालू होती, त्यावरून घरात जे बोलणं झालं ते इथे नको. एका संध्याकाळी मी वरणाला फोडणी देत असताना ती स्वयंपाकघरात धावत आली आणि फोन माझ्या नाकासमोर धरला. गुलाबी केसांची ती मुलगी शेवटच्या वळणाला बाहेरच्या बाजूने आली आणि एकेकीला मागे टाकत गेली. जिरं करपलं. नातीच्या डोळ्यांत पाणी होतं.

मी विचारलं, "कोण जिंकलं गं?"

"म्हणजे काय? उरारा!"

प्रश्न इथेच आहे. ज्या मुलींनी तीन-तीन वर्षं घाम गाळला (आकड्यांचा का होईना) त्या यात कुठे आहेत? त्यांनी केलं ते हिला मिळालं. आपल्या नैयायिकांनी बौद्धांवर घेतलेला मोठा आक्षेप हाच: करणारा एक आणि भोगणारा दुसरा मानलात तर केलेलं वाया जातं आणि न केलेलं पदरात पडतं. कृतहान आणि अकृताभ्यागम. शास्त्रात जो दोष म्हणून शेकडो वर्षं घासला गेला, तो या खेळात नियम म्हणून बसवला आहे. आणि खरं तर घोड्यांच्या पैदाशीतही नियम तोच आहे: आजोबा धावला, म्हणून नातवाची किंमत. जपानी खेळाने फक्त तो उघड करून दाखवला.

भाऊंनी मनूचा नववा अध्याय काढला. मनूने जुगाराचे दोन भाग केले आहेत: निर्जीव वस्तूंवरचा आणि प्राण्यांवरचा. राजाने दोन्ही मोडावेत म्हणतो, पण भेद करतो. "हा तुमच्या नातीचा घोडा कुठल्या खान्यात?" मी म्हटलं, पैसा लावला असता तर सांगितलं असतं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ ठरवला आणि २०२५ मध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर सरसकट बंदी आणली, तेव्हा त्या खान्यांची वाटणी सरकार बघून घेईल. मला त्यात रस नाही.

मला रस आहे तो नळाच्या गोष्टीत. बाहुकाचं रूप घेतलेला नळ ऋतुपर्णाचा रथ अयोध्येहून विदर्भाकडे भरधाव हाकतो आहे. ऋतुपर्ण वाटेतल्या बेहड्याच्या दोन फांद्यांकडे नजर टाकून फळं किती ते सांगतो: दोन हजार पंच्याण्णव. नळ रथ थांबवतो, मोजतो, बरोबर निघतात. मग सौदा होतो. नळ घोड्याचं मर्म देतो आणि संख्येचं, फाशांचं मर्म घेतो. कलीही त्याच क्षणी त्याच्या अंगातून बाहेर पडतो. महाभारतातलं हे एक फार खोल ठिकाण आहे असं मला वाटतं, आणि आपल्याकडे ते दमयंतीच्या स्वयंवरापुढे झाकोळून जातं. घोडा ओळखणारा आणि आकडा ओळखणारा ही दोन वेगळी माणसं होती, आणि एकाची विद्या दुसऱ्याला द्यायला थांबावं लागलं, मोजावं लागलं. आता आकडाच घोडा झाला आहे. मग घोड्याचं मर्म कुणाकडे राहिलं?

ते बघायला मी गेले. बड्या तलावाच्या बाजूला बिशनखेडीत राज्याची घोडेस्वारी अकादमी आहे, नातीची एक मैत्रीण तिथे शिकते. डिसेंबरची सकाळ. एक तांबूस घोडा अडथळ्यांवरच्या उड्या संपवून माझ्यापासून चार हातांवर येऊन थांबला. त्याच्या अंगातून वाफ निघत होती. तंग जिथे आवळला होता तिथे घामाचा पांढरा फेस साचला होता, मानेवरच्या शिरा दोरीएवढ्या फुगल्या होत्या, आणि नाकपुड्या आतून लालबुंद दिसत होत्या. त्याचा श्वास मला माझ्या शालीवर जाणवला. सईसाने तंग सैल केला, खोगीर उतरवलं आणि त्याला उभं न ठेवता हळूहळू चालवत राहिला. मी विचारलं, पाणी? तो म्हणाला, "अभी नहीं, माताजी. पहले साँस नीचे आने दो." मग बऱ्याच वेळाने खरारा झाला. घोड्याने मान झटकली, फुरफुरला आणि सईसाच्या खिशाला तोंड लावलं. गूळ होता.

त्याच्यावर बसलेल्या पोराला त्या दिवशी किती गुण मिळाले, तो पहिला की तिसरा, हे घोड्याला ठाऊक नव्हतं. ठाऊक असायचं कारणच नाही. एनट्रीच्या मैदानावर धावणाऱ्याला ग्रँड नॅशनल म्हणजे काय ते माहीत नसतं, कोचीच्या मैदानावर हारु उराराला ११३ हा आकडा माहीत नव्हता. जिंकणं-हरणं हे घोड्याच्या अंगाला कधी लागलेलंच नाही. ते पहिल्यापासून माणसाच्या मनात चालतं. त्या बाबतीत सेक्रेटेरिएटचा १९७३ चा विजय आणि २०२० चा विजय सारख्याच जातीचे आहेत. घोड्याचं स्वतःचं जे होतं ते म्हणजे दम, घाम, दुखरा पाय आणि नंतरचा गूळ. यंत्राने घोड्याकडून विजय तेवढा घेतला, जो मुळात घोड्याचा नव्हताच, आणि जे त्याचं होतं ते मागे ठेवलं.

यात वाईट काय, असं भाऊंनी विचारलं. आणि खरंच, एका अंगाने बघता यात काहीच वाईट नाही. पडद्यावरच्या ग्रँड नॅशनलमध्ये कुणाचा पाय मोडला नाही. खऱ्या मैदानावर घोडे मरतात. जीवहत्येशिवाय यज्ञ व्हावा म्हणून आपल्याकडे पिठाचे पशू करायचे, इथे आकड्यांचे केले. मी या बाबतीत यंत्राच्या बाजूची आहे.

पण एक गोष्ट गुरुवारी बोलताना माझ्या लक्षात आली. लवणाच्या कथेत घोडा रानातून निघून जातो, आणि नंतर वसिष्ठ त्याचं नाव काढत नाहीत. रामही विचारत नाही. एवढ्या कथेत म्हातारीची चौकशी होते, घोड्याची कुणी करत नाही, कारण त्याला पोट नव्हतं. म्हातारीला होतं.

२०२५ च्या उन्हाळ्यात खरी हारु उरारा जिवंत होती, एकोणतीस वर्षांची, चिबातल्या एका फार्मवर. खेळ इंग्रजीत आल्यावर परदेशी पोरांनी तिचा पत्ता काढला आणि तिच्यासाठी ताजं गवत पाठवायला सुरुवात केली. त्या जपानी गवत-दानाच्या साइटवर इतकी गर्दी झाली की ती बंद पडली. जिने कधी शर्यत जिंकली नाही तिला, दुसऱ्या एका उराराने न झालेल्या शर्यतीत मिळवलेल्या विजयाबद्दल, खरं गवत मिळालं. सप्टेंबरात ती वारली. लवणाचं रान सापडलं म्हणून इतकी वर्षं मी ज्या कथेकडे भाबडेपणाने बघत होते, तिचा एक दाखला डोळ्यांदेखत घडला: खोट्या घोड्यावरून गेलेली पोरं खऱ्या दारात उतरली.

माझ्या नातीचं गवत मात्र गेलं नाही. तिचं कार्ड तिथे चाललं नाही. दोन दिवस खटपट करून ती म्हणाली, "आजी, मी मनाने दिलं असं धर ना. शंकराचार्यांनीच सांगितलंय."

चहाचा कप खाली ठेवून मी नाही म्हटलं. आणि हे मी आजही म्हणते. मानसपूजा देवाला चालते, कारण देवाला भूक नाही. मनातला अश्वमेध चालतो, कारण मनातल्या घोड्याचं रक्त निघत नाही आणि ते निघू नये हेच बरं. मनातला राजसूय मनातच फेडला गेला. पण घेणाऱ्याला शरीर असेल तर देणाऱ्याला मनावर भागवता येत नाही. तिथे चारा लागतो. भाऊ म्हणाले, हा भेद शास्त्रात कुठे आहे? मी म्हटलं, शोधते. अजून शोधतेच आहे. तैत्तिरीयातल्या अन्नाच्या भागात सापडेल असा माझा होरा आहे, पण भाऊ होऱ्यावर मानणारे नाहीत.

नात रुसली, मग उठली. लग्नसराई सुरू झाली होती आणि आमच्या कॉलनीमागच्या रस्त्यावर वरातीच्या घोड्या बांधलेल्या असतात. ती भाजीबाजारातून हिरव्या बरसीमचा हा एवढा भारा घेऊन आली आणि मला बरोबर चल म्हणाली. पांढरी घोडी होती, आदल्या रात्रीची मेंदी अजून आयाळीला लागलेली. घोडीवाल्याने भारा पाहिला आणि दोन्ही हात आडवे धरले. "इतना हरा नहीं, बिटिया! रात भर बैंड में खड़ी रही है, पेट में मरोड़ हो जाएगी. थोड़ा भूसे में मिला के शाम को दूँगा. अभी देना है तो चना दे दो." नातीने पर्समध्ये बघितलं, मग माझ्याकडे. मी वाण्याकडे वळले. घोडीवाला मागून ओरडला, "भुना हुआ नहीं, माताजी, काला चना! और भिगो के!"